शेऱ्याचा रकाना

जी कंपनी जगाला कागदापासून मुक्ती विकत होती, तिच्या स्वतःच्या तक्रार विभागाचा कारभार अकरा वह्यांवर चालत असे. दिव्याखाली अंधार असतो हे आपण ऐकून असतो, पण इथल्या अंधाराला लाल कापडी पाठ होती, पाठीवर क्रमांक होते आणि प्रत्येक वहीला दोरीने एक पेन बांधलेलं होतं.

दवाखाने, शाळा आणि दुकानं यांच्यासाठी ही कंपनी सॉफ्टवेअर बनवायची. ते अडलं की लोक तक्रार विभागाला फोन करायचे आणि फोन वहीकाकू उचलायच्या. वहीकाकूंना खरं नाव होतं, पगाराच्या चिठ्ठीवर ते दर महिन्याला छापूनही येई, पण बावीस वर्षांत ते कुणाला लागलं नव्हतं. ग्राहकाने नुसतं "हॅलो" म्हटलं की त्या खुर्चीतून न उठता हात मागे टाकत, नेमकी वही काढत आणि नेमकं पान उघडत. पहिल्या दहा वह्या बाहेरच्या ग्राहकांच्या. अकरावी ऑफिसातल्या माणसांची होती, कारण आपलंच सॉफ्टवेअर आपल्याला कळत नाही अशी माणसं ऑफिसातही काही कमी नव्हती. प्रत्येक पानावर नाव, पत्ता, तक्रारींच्या तारखा आणि शेवटी शेऱ्याचा एक रकाना असे. त्या रकान्यात बारीक अक्षरात बरंच काही लिहिलेलं असे, पण ते वाचायची वेळ वहीकाकूंखेरीज कुणावर आली नव्हती.

या वह्या बंद करून सगळं संगणकावर आणायचं काम कॅप्टनकडे आलं.

कॅप्टन हे नाव तिला ऑफिसच्या क्रीडादिनी मिळालं होतं. रस्सीखेचीत तिने संघाचं नेतृत्व केलं, सर्वांत मोठ्याने ओरडली आणि सर्वांत आधी पडली. संघ हरला, नाव मात्र टिकलं. ते लोक थट्टेने म्हणतात की आदराने, याचा तिने कधी खोलात जाऊन विचार केला नाही. चांगल्या गोष्टींच्या खोलात जाऊ नये, असं तिचं मत होतं.

"हे जमवलंत, तर अख्खा सेवा विभाग तुमच्याकडे," मोठे साहेब म्हणाले होते. "त्या खुर्चीवर आजवर एकही बाई बसलेली नाही, बरं का."

बरं का म्हणायची गरज नव्हती. त्या खुर्चीसाठी कॅप्टनचं नाव दोनदा पुढे गेलं होतं आणि दोन्ही वेळा तिनेच ज्यांना काम शिकवलं असे दोन गृहस्थ तिथे जाऊन बसले होते. आता तिसरी खेप होती. तिने मुद्दाम बायकांचीच तुकडी निवडली. वहीकाकू, टंकायला बसवलेल्या दोन मैत्रिणी, ज्या एकमेकींची वाक्यं पूर्ण करत, आणि एक प्रोग्रामर. ही प्रोग्रामर चहा बिनसाखरेचा प्यायची आणि बोलायचीही तसंच, म्हणून तिला सगळे बिनसाखर म्हणत.

पहिल्या बैठकीत कॅप्टन खुर्चीवर उभी राहून बोलली. प्रोजेक्टरची वायर पुरत नव्हती म्हणून ती वर चढली होती, पण चढलेच आहे तर भाषणही करून टाकावं, असं तिला वाटलं.

"एक लक्षात ठेवा," ती म्हणाली. "चूक झाली तर ती माझी. कौतुक झालं तर ते आपल्या पाचजणींचं."

मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. बिनसाखर म्हणाली, "खाली उतर, खुर्चीला चाकं आहेत." आणि वहीकाकूंनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. त्यांना तशी सवयच होती.

आता आपल्याच कंपनीचं सॉफ्टवेअर आपल्याच कंपनीत वापरायचं, यात अवघड ते काय, असं कुणालाही वाटेल. ज्यांना तसं वाटतं त्यांनी खरेदी विभागात कधी पाऊल ठेवलेलं नसतं. खरेदी विभागाला तीन प्रस्ताव लागत. एक आपला झाला. बाकीचे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांकडून मागवावे लागले. त्यांतल्या एका कंपनीचा माणूस येऊन इतकं छान बोलून गेला की खरेदी विभागाचा कल तिकडेच झुकला. कॅप्टनने आपल्याच विक्री विभागाला फोन केला, तर तिथे तिची ग्राहक म्हणून नोंद झाली आणि पाऊण तास तिला बासरी ऐकवण्यात आली. ही बासरी तिनेच निवडलेली होती. मग सुरक्षा विभागाने, ही माहिती बाहेर जाणार नाही असं हमीपत्र मागितलं. कॅप्टनने ते हसत हसत सही करून दिलं. ते हमीपत्र पुढे बऱ्याच जणांनी बऱ्याचदा वाचलं.

घरीही सल्ल्यांना तोटा नव्हता. खालच्या मजल्यावर एक निवृत्त बँकवाले राहत. ते जिन्यात गाठून म्हणाले, "आमच्याकडे संगणक आले तेव्हा आम्ही वर्षभर दोन्ही चालू ठेवलं. खातेवह्याही आणि यंत्रही. घाई करू नका."

"काका, तो जमाना वेगळा होता," कॅप्टन म्हणाली.

"जमाना वेगळा असतो, घाई तीच असते," ते म्हणाले आणि पिशवी घेऊन खाली गेले.

सासूबाईंनी तर एका वाक्यात विषय संपवला. "अगं, पण त्या वह्यांत काय लिहिलंय ते एकदा वाचून तरी बघ ना."

"आई, डेटा वाचायचा नसतो. हलवायचा असतो."

हे वाक्य कॅप्टनला इतकं आवडलं की तिने ते दुसऱ्या दिवशी साहेबांनाही ऐकवलं. साहेबांनी ते आणखी वरच्या साहेबांना ऐकवलं. सासूबाईंचं वाक्य मात्र तिथेच भाजी निवडता निवडता राहिलं.

सात शनिवार टंकन चाललं. मैत्रिणी वह्या उघडून बसत, वहीकाकू बारीक अक्षर लावून देत आणि मधूनच तिघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत. कॅप्टन काचेपलीकडून ते पाही आणि तिला भरून येई. यालाच संघभावना म्हणतात, असं तिने आठवड्याच्या अहवालात लिहिलं आणि सोबत फोटो जोडला. एकदा तिने आत डोकावून विचारलंही, "काय गं, कशाला हसताय?"

"काही नाही," एक मैत्रीण म्हणाली.

"कामातली गंमत," दुसरीने पूर्ण केलं.

नियम तिने दोनच केले होते. पहिला असा, की रिकामा रकाना म्हणजे आळस. कुणाचंही पान उघडल्यावर त्यातला रिकामा रकाना भरल्याशिवाय ते पान बंदच होणार नाही. दुसरा नियम शेवटच्या शुक्रवारी सुचला आणि जो अनर्थ व्हायचा तो त्याने झाला. सोमवारी नवी व्यवस्था सुरू होताना प्रत्येक ग्राहकाला त्याची स्वतःची नोंद मेलने पाठवायची. "आम्ही आपल्याबद्दल काय जाणतो ते आपणही पाहा." पारदर्शकता! साहेबांना असले शब्द आवडत.

"सगळे रकाने पाठवायचे?" बिनसाखरने विचारलं.

"सगळे म्हणजे सगळे. आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?"

वहीकाकूंनी मान वर केली. "छान झालंय हं सगळं," त्या म्हणाल्या. "फक्त..."

"फक्त वगैरे सोमवारनंतर, काकू!" कॅप्टन म्हणाली आणि सगळ्या हसल्या. त्या दिवशी वहीकाकू तीनदा तिच्या केबिनच्या दारापर्यंत आल्या. पहिल्यांदा कॅप्टन फोनवर होती, दुसऱ्यांदा साहेब आत बसले होते, तिसऱ्यांदा अकरा वह्या भांडारात नेण्याचे कागद घेऊन भांडारवाला उभा होता. अकरा वह्या हलवायला सतरा कागद लागले. कॅप्टनने दारातूनच अंगठा वर करून दाखवला. वहीकाकूंनीही अंगठा वर केला, क्षणभर थांबल्या आणि पर्स घेऊन घरी गेल्या.

सोमवारी सकाळी दहा वाजता अकराशे चाळीस मेल गेले. दहा वाजून सहा मिनिटांनी पहिला फोन आला.

तो एका दंतवैद्यांचा होता. त्यांच्या मेलमध्ये, नाव, पत्ता आणि दूरध्वनी यांच्या खाली, स्वच्छ टंकात लिहिलं होतं: 'यांची स्वतःची दाढ दुखत असली की आपल्या सॉफ्टवेअरला शिव्या देतात. आधी दाढेची चौकशी करावी.' दंतवैद्य म्हणाले की ही बदनामी आहे. बोलताना त्यांचा एक गाल धरल्यासारखा आवाज येत होता.

मग एका शाळेच्या मुख्याध्यापिका. 'संगणकातलं सगळं कळतं असं म्हणतात. म्हणू द्यावं.' मग एक फर्निचरवाले, ज्यांनी आजवर कधी आवाज चढवला नव्हता. 'यांच्याकडे दर वेळी प्लग निघालेला असतो. तसं म्हणू नये. प्लग काढून, फुंकर मारून पुन्हा लावा म्हणावं, म्हणजे त्यांना लाज वाटत नाही.' फर्निचरवाले ओरडले नाहीत. "सहा वर्षं मी फुंकर मारतोय हो," एवढंच म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. तो आवाज कॅप्टनला ओरडण्यापेक्षा जास्त लागला.

अकरा वाजेपर्यंत पाचही फोन वाजत होते. कॅप्टन एका हाताने माफी मागत होती आणि दुसऱ्या हाताने मेल परत बोलावण्याचं बटण शोधत होती. मेल परत बोलावता येत नाहीत. येतात असं जे लोक सांगतात, त्यांनी ते कधी बोलावून पाहिलेले नसतात. "मी आधीच विचारलं होतं," असं बिनसाखर म्हणाली नाही. ती गुपचूप चौथा फोन सांभाळत होती. मैत्रिणी आज एकमेकींची वाक्यं पूर्ण करत नव्हत्या. आणि वहीकाकू प्रत्येकाशी शांतपणे, नावाने बोलत होत्या आणि मधूनच कुणाला तरी दाढेबद्दल विचारत होत्या.

एक मेल एका बाईंना गेला होता. त्या एक लहानसं वाचनालय चालवत. 'यांचे यजमान गेल्यापासून दर गुरुवारी फोन येतो. मशीन ठीकच असतं. घाई करू नये, दहा मिनिटं बोलावं.' त्यांच्याकडून तक्रार आली नाही. कॅप्टनने निःश्वास टाकला आणि यादीत त्यांच्या नावापुढे 'समाधानी' असं लिहिलं.

तीन वाजता साहेबांच्या खोलीत बैठक बसली. टेबलावरच्या स्पीकरफोनमधून तपासणी प्रयोगशाळांच्या एका मोठ्या साखळीचे संचालक गरजत होते. हा कंपनीचा सर्वांत मोठा ग्राहक होता. त्यांच्या पानावर लिहिलं होतं, 'शेजारी कुणी उभं असलं तरच ओरडतात. एकटे असले की अगदी गरीब.' आवाजावरून त्यांच्या शेजारी आज बरेच लोक उभे असावेत.

"हे कुणी लिहिलं?" संचालकांनी विचारलं.

"हे कुणी लिहिलं?" साहेबांनी विचारलं.

कॅप्टनला खुर्ची दिसत होती. खरोखरच दिसत होती. सेवा विभागाच्या प्रमुखाची खुर्ची साहेबांच्या खोलीतून काचेपलीकडे दिसायची. समोर चारजणी उभ्या होत्या. उत्तर सोपं होतं. लिहिलं कुणी, हा प्रश्नच चुकीचा होता. पाठवलं कुणी, हा खरा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर तिला पहिल्या बैठकीपासून पाठ होतं. तिने तोंड उघडलं तेव्हा तेच बाहेर येणार आहे, असं तिला स्वतःलाही वाटलं होतं.

"नोंदी वहीकाकूंच्या हाताच्या आहेत," ती म्हणाली. आवाज जरा चढलाच होता.

यात खोटं एक अक्षर नव्हतं. म्हणूनच ते मागे घेता येईना.

बिनसाखरने तिच्याकडे पाहिलं. वहीकाकूंनी पाहिलं नाही. त्या स्पीकरफोनकडे वळून म्हणाल्या, "हो साहेब, माझंच अक्षर आहे. चुकलं माझं." मग जरा थांबून विचारलं, "आईंचं ऑपरेशन नीट झालं ना?" संचालक हळूच "झालं" म्हणाले आणि प्रकरण तिथेच मिटलं.

साहेबांचं मात्र मिटलं नाही. वहीकाकूंना समज देण्याचं पत्र गेलं. ते नव्या व्यवस्थेतून गेल्यामुळे त्यावर वर 'प्रिय ग्राहक' असं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा भरला; तोही नव्याच व्यवस्थेत भरावा लागे. राजीनाम्याचं कारण यादीतून निवडायचं होतं: लग्न, बाळंतपण, उच्च शिक्षण, इतर. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी वहीकाकूंनी 'इतर' निवडलं. त्याखाली शेऱ्याचा रकाना होता. बावीस वर्षं एकही शेरा रिकामा न सोडणाऱ्या बाईने त्यात एक टिंब दिलं, कारण रिकामा सोडला असता तर पान बंद झालं नसतं.

कॅप्टनने त्यांना गाठायचं ठरवलं होतं. पण त्या दिवशी खुलाशाचा अहवाल द्यायचा होता, मग दुसरा दिवस गेला, आणि निरोपाच्या वेळी चारचौघांत काय बोलणार? "काकू, येत राहा हं," ती म्हणाली. "येईन की," वहीकाकू म्हणाल्या. "छान सांभाळ सगळं." त्यांनी पर्स उचलली. वह्या भांडारात गेल्यावर दोरीसकट मागे राहिलेल्या पेनांपैकी एक त्यांनी सोबत नेलं. बाकी काही नेलं नाही.

चहाच्या यंत्रापाशी बिनसाखर एवढंच म्हणाली, "सगळे म्हणजे सगळे, हे कुणी म्हटलं होतं मॅडम?" मॅडम. त्या दिवसापासून ऑफिसात तिला कुणीच कॅप्टन म्हणेना. ते नाव आदराचं होतं, हे तिला तेव्हा कळलं.

त्या गुरुवारी वाचनालयाच्या बाईंचा फोन आला नाही. पुढच्या गुरुवारीही आला नाही. मैत्रिणींपैकी एकीने लावून पाहिला, तर त्या म्हणाल्या, "मशीन ठीक आहे हो. आता उगाच त्रास देणार नाही."

आणि खुर्ची? खुर्ची मिळाली. "पेचप्रसंगात तुम्ही जबाबदारी पटकन निश्चित केलीत," असं साहेबांनी पत्रात लिहिलं. जुने शेरे पुसायचे की ठेवायचे यावर समिती बसली होती, ती अजून बसलेलीच आहे. घरी पत्र वाचून दाखवल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आणि त्या वह्यावाल्या बाई? त्यांना काय मिळालं?" त्या काही टोचून बोलल्या नव्हत्या, सहज विचारलं होतं.

चार महिन्यांनी तंत्रज्ञान कंपन्यांतल्या स्त्रियांच्या मेळाव्याचं निमंत्रण आलं. विषय: 'बदलाच्या काळात नेतृत्व आणि संघभावना'. वीस मिनिटं बोलायचं होतं. भाषणात दाखवायला त्या सोमवारच्या मेलचा नमुना हवा म्हणून ती दुपारी केबिनमध्ये आपले जुने मेल चाळत बसली. त्या दिवशीचे न उघडलेले चारशेहून जास्त मेल तसेच पडून होते. त्यांत दहा वाजून दोन मिनिटांचा एक होता. अकराव्या वहीतल्या माणसांनाही मेल गेले होते, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

'प्रिय ग्राहक, आम्ही आपल्याबद्दल काय जाणतो ते आपणही पाहा.' नाव. विभाग. अकरा वर्षांतल्या बेचाळीस तक्रारी, त्यांतल्या एकोणीस पासवर्ड विसरल्याच्या. आणि शेरा.

'हिची चूक सांगायची तर आधी छान झालंय म्हणावं, मग फक्त म्हणून सांगावं. घाबरली की आवाज चढतो, मनात काही नसतं. चारचौघांत सांगू नये, मन दुखावतं. एकटीला गाठावं, दाराशी थांबावं लागलं तरी चालेल. म्हणाली आहे: चूक झाली तर ती माझी, कौतुक झालं तर पाचजणींचं. शब्दाची पक्की आहे.'

तिने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना. तीनदा दारात येऊन गेलेल्या वहीकाकू तिला दिसल्या आणि आपला वर केलेला अंगठाही दिसला. तिला इतकी लाज वाटली की तिने उठून केबिनचं दार आतून लावून घेतलं.

मग ती परत येऊन बसली. आत्ताच्या आत्ता फोन करायचा. माफी मागायची, ती सगळी मागायची, 'पण' न लावता. नंबर व्यवस्थेत असणारच. तिने वहीकाकूंचं पान उघडलं. नाव होतं, पत्ता होता, नंबर होता. कधी फोन करावा, दुपारी झोपतात का, घरी अजून कोण असतं, काय म्हटलं की त्यांचं मन दुखावतं, काय म्हटलं की बरं वाटतं, हे शेऱ्यात असेल म्हणून ती खाली गेली. शेऱ्याचा रकाना रिकामा होता. सगळ्यांची पानं त्यांनी लिहिली. त्यांचं लिहायला कुणी बसलंच नव्हतं.

तिने पान बंद करायला घेतलं. पान बंद होईना. 'कृपया शेरा भरा,' असं लाल अक्षरात आलं.

अकरा वर्षं ती वहीकाकूंपासून चार पावलांवर बसली होती. तिने बराच वेळ विचार केला. मग टंकलं: 'चहा बिनसाखरेचा घेतात.'

मग तिला आठवलं की ती दुसरी. तिने ते खोडलं आणि समोरच्या रिकाम्या रकान्याकडे पाहत बसली.